उमाळे काकांची टाकी

परवा एका पेशंटच्या मुलानं आमच्या दवाखान्यातल्या माशाच्या टाकीसमोर उभं राहून फोटो काढले आणि डॉक्टरांना विचारलं, "सर, खाऱ्या पाण्याची टाकी इतकी स्वच्छ कशी ठेवता?" डॉक्टर म्हणाले, "आवड लागते." मी काउंटरवर नंबर लिहीत होते. आवड लागते म्हणे. ह्या माणसाला टाकीत मासे किती आहेत विचारलं असतं, तर तो वळून मोजायला लागला असता. मासा एकच आहे. गेली कित्येक वर्षं एकच आहे.

ती टाकी उमाळे काकांची. आता हे सांगते म्हणजे ते फार प्रेमळ, देवमाणूस वगैरे होते असं कोणी धरून चालू नये. असा खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि काउंटरवर बसून मी माणसं काही कमी पाहिली नाहीत. पहिल्या दिवशी मी त्यांना चहा दिला, तर एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बोअरचं पाणी आहे. साखरेनं झाकलं जात नाही." मी डोणगावची, मेहकराकडची. आमच्याकडं पाणी गोड, माणसंही बरी बोलतात. लग्न होऊन इकडं जळगाव जामोदला आले ती थेट खारपाणात. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि लोकांच्या किडन्या त्यामुळंच जातात असं घरोघर म्हणतात. दवाखाना त्यामुळं चालतो, हे मी म्हणते.

वासुदेव उमाळे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिपाई म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, परिचर म्हणायचं. तीस-एकतीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या, बरण्यांतल्या मेलेल्या सापांचं पाणी बदललं आणि प्राध्यापकांचा तिरस्कार केला. बेडकाचं काळीज फळ्यावर रंगीत खडूनं काढणारे एक सर टेबलावरचा जिवंत बेडूक अंगावर उडाला तेव्हा खुर्चीवर चढून बसले होते, हा किस्सा ते भेटेल त्याला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पीएच्डी होती त्यायची. बेडकावरच." सांगताना हसायचे मात्र नाहीत.

दवाखान्यात ते यायचे ते काकूंमुळं. काकूंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं, सोमवारी आणि गुरुवारी. चौदा किलोमीटरवरच्या गावाहून काळी-पिवळी जीपनं यायची दोघं. काकू पाय सुजलेल्या, हळूहळू चालणाऱ्या, पण हसऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारून घेतलं आणि तेव्हापासून मला सुनंदा म्हणायच्या. काकांनी मला शेवटपर्यंत "काउंटरवाली"च म्हटलं.

टाकीची कथा अशी. डॉक्टर कुठल्याशा मोठ्या हॉटेलात राहून आले आणि तिथल्यासारखी खाऱ्या पाण्याची टाकी आपल्या हॉलमध्ये हवी म्हणून अडून बसले. वास्तूवाल्यानं ईशान्य कोपरा दाखवला. अकोल्याच्या एका माणसानं टाकी बसवली, आत समुद्रातले दगड रचले, नारंगी अंगाचे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे सोडले. महिन्यातून एकदा तो येऊन बघून जायचा. वर्षभरानं त्याचं येणं बंद झालं, कारण डॉक्टरांना वाटलं की हे काय, हे तर आपला गजानन पण करील.

गजानन आमचा वॉर्डबॉय. मनानं चांगला, पण डोकं वापरायला काढलं की पंचाईत. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की तो बोअरच्या नळाची बादली ओतायचा. त्याचा हिशेब सरळ होता. समुद्र खारा, आपली बोअर खारी, खाऱ्यात खारं टाकलं तर बिघडतं काय? बरं, हे नुसतं गजाननचं नव्हतं. डॉक्टरांनाही ते पटलं होतं. उलट आपल्या पाण्याचा एकदाचा काही उपयोग झाला म्हणून ते खूश होते. खारपाणातल्या माणसालाच ही चूक सुचावी.

दुसरं म्हणजे पेशंटचे नातेवाईक. माशाला कणकेच्या गोळ्या घातल्या की संकट टळतं, ग्रह शांत होतात, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. नदी-तळ्यावर जायचे कष्ट वाचवून दवाखान्यातच मासे मिळाले म्हटल्यावर काय विचारता. वर आयसीयूत माणूस, खाली टाकीत गोळी. डब्यातली पोळी कुस्करून टाकत, मुरमुरे टाकत, एकानं चकली टाकली होती. शिकलेली माणसंसुद्धा, इकडं तिकडं बघून. मीही एकदा टाकली होती. कशासाठी ते सांगत नाही.

झालं काय, की टाकी हिरवी झाली. आधी काचेवर हिरवट धूर बसल्यासारखं झालं, मग दगडांना केस फुटले, लांबलांब, पाण्यात हलणारे. वाळूवर लाल बुळबुळीत साय धरली. डॉक्टरांनी गजाननला सफाईचा हुकूम दिला. गजाननने दगड काढले, गच्चीवर नेले, धुण्याच्या पावडरनं घासले, उन्हात वाळवले आणि परत लावले. दुसऱ्या दिवशी एक मासा उताणा तरंगला. पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा दाट. उरलेला मासा एका कोपऱ्यात तोंड करून बसून राहायचा. कधी दिसायचा, कधी नाही.

काकूंना तो फार दिसायचा. चार तास सुया टोचून पडायचं आणि बाहेर आल्यावर हॉलमध्ये टाकीसमोरच्या बाकावर बसायचं, हा त्यांचा नेम. त्या माशाचं नाव त्यांनी जावई ठेवलं होतं. "पाह्य ना सुनंदा, कसा रुसून बसला. खाय म्हटल्याबिगर खात नाही." त्यांना पोरबाळ नव्हतं. "आपल्याले पोरगी नाही, मंग जावई कठचा येईन, हाच धरा," असं त्या काकांना म्हणायच्या. काका तिकडं बघायचेसुद्धा नाहीत.

मग एक दिवस डॉक्टर वैतागून म्हणाले, ही घाण काढून टाका, इथं टीव्ही लावू. काकूंनी ते ऐकलं. बाहेर आल्या त्या बाकावर बसल्या आणि काकांना म्हणाल्या, "अहो, तो मरून जाईन. तुम्हाले येते ना हे सारं."

"मले येते. पन ह्या लोकायले काऊन फुकट करून देऊ?"

"ह्यायच्यासाठी नका करू. त्या खोलीतून बाहेर आली का मले तोच एक दिसते."

काका उठले, टाकीपाशी गेले, बाही वर केली, पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि हॉलमधल्या सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात थुंकले. मग माझ्याकडं वळले. "ह्याच्यात बोअरचं पाणी कोन टाकते?"

गजानन जवळच होता. त्यानं अभिमानानं आपली खाऱ्यात खारंवाली गोष्ट सांगितली.

"तुयी माय भाजीत मीठ टाकते का?" काकांनी विचारलं.

"टाकते ना."

"भाजी आटली का पुन्हा टाकते का?"

"नाही."

"काऊन?"

गजाननने डोकं खाजवलं. "पाणी उडते बे, मीठ उडत नाही," काका म्हणाले. "ते तठीच राह्यते. तू रोज वरून अजून टाकून राह्यला. आन ह्या बोअरमंधी साऱ्या वावराचं खत उतरेल आहे. शेवायाले पेंड चारून राह्यला तू. ते नाही वाढन त काय तू वाढशील?"

डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत टाकी साफ झाली तर ठेवू, नाहीतर टीव्ही. काका दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागले. काकूंना घरी शेजारणीच्या हवाली करून सकाळच्या गाडीनं यायचे. कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी दिलेली शाल त्यांनी कुठं टाकली कोण जाणे, पण एक हातभर लांबीचा चिमटा, एक रबरी नळी आणि खारेपणा मोजायचा, पाण्यात तरंगणारा काचेचा काटा मात्र घरी होता. तुम्हाला कसा मिळाला विचारलं, तर म्हणाले, "कॉलेजवाल्यायले त्याचं काम कायले पडते?"

पहिली भांडणं गोड्या पाण्यावरून झाली. उडालेल्या पाण्याच्या जागी निव्वळ शुद्ध पाणी पाहिजे, ज्यात काही म्हणजे काही नाही असं. आणि असं पाणी सबंध जळगावात एकाच ठिकाणी होतं, आमच्या डायलिसिसच्या खोलीत. तिथल्या मशीनला लागतं म्हणून मोठा आरो बसवलेला. काकांनी महिनाभर बाहेर बसून पाहून ठेवलं होतं की रोज सकाळी यंत्र सुरू करताना टेक्निशियन सुरुवातीचं पाणी नालीत सोडतो. ते त्यांनी दोन कॅन भरून मागितलं. टेक्निशियन म्हणाला, हे पेशंटचं पाणी आहे, माशाला कसं देणार?

"नालीले देता ना?" काका म्हणाले. "नालीले चालते आन मासोयीले दिलं त विटाळ होते का?"

प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं. डॉक्टरांनी नियम सांगितला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, माह्या बुढीचं रक्त ज्या पाण्यानं धुता, त्याच्यावर माहा थोडा हक्क असंन ना." डॉक्टरांनी सही दिली. मला वाटतं, तो माणूस पुन्हा समोर उभा राहू नये म्हणून दिली.

पुढचं काम म्हणजे बघणाऱ्याला झोप यावी असं. रोज तासभर ते हातानं शेवाळ उपटायचे. जुना टूथब्रश घालून गोल फिरवायचा, फणीत अडकलेले केस निघावेत तसे शेवाळाचे झुपके निघायचे, ते नळीनं ओढून बाहेर. एका दिवशी एकच दगड. दुसऱ्याला हात नाही. सोमवारी आणि गुरुवारी दोन बादल्या जुनं पाणी काढायचं आणि अकोल्याहून मागवलेलं समुद्राचं मीठ आरोच्या पाण्यात आदल्या दिवशीच विरघळवून, काटा लावून, दोन बादल्या नवं घालायचं. दिवा दिवसातून सहाच तास. खाणं दोन दिवसांतून एकदा, चिमटीभर. बाकी वेळ खुर्ची टाकून टाकीकडं तोंड करून बसून राहायचे.

गजानन म्हणाला, "काका, सारं पाणी एकदमच बदलू ना. एका दिवसात मोकळे होऊ."

"महिन्याचं जेवन एका दिवसात जेवशीन का?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. डॉक्टरांनी बाजारातली शेवाळ मारायची बाटली आणली तेव्हा ते म्हणाले, गजाननने काच घासायला तारेची घासणी आणली तेव्हाही म्हणाले, आणि मी एकदा सहज विचारलं की मी काय करू, तेव्हा मलाही. "काही करू नका. तेवढं जमते का पाहा." लोकांना तेवढंच जमत नाही, असं त्यांचं मत होतं. आणि खरंच जमत नव्हतं. काकू डायलिसिसहून आल्या की बादल्यांची अदलाबदल बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माह्यंही असंच करतेत व बाई. थोडं काढतेत, थोडं टाकतेत."

मध्ये एकदा काकांनी टाकी तीन दिवस काळ्या कापडानं झाकली. उजेड नसला की शेवाळ उपाशी मरतं म्हणून. आमच्या लोकांना काय, काळं कापड दिसलं की पुरे. पहिल्या दिवशी कोणी तरी विचारून गेलं, कोण गेलं. दुसऱ्या दिवशी टाकीपुढं उदबत्ती लागली. तिसऱ्या दिवशी हळदी-कुंकू वाहिलेला नारळ. काका आले, नारळ उचलला, पायरीवर फोडला आणि नंबरला बसलेल्या लोकांत खोबरं वाटलं. "घ्या. शेवाय देवाचा परसाद." लोकांनी घेतला. दोघातिघांनी डोक्याला लावून खाल्ला.

गोळ्या मात्र थांबेनात. काकांनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. मग एक पुठ्ठा आणला आणि माझ्याकडून लिहून घेतलं, कारण माझं अक्षर बरं आहे: "माशाला कणकेच्या गोळ्या किंवा काहीही खायला टाकणाऱ्याचा नंबर शेवटी लागेल. तपासणीचा आणि आयसीयूत भेटीचाही." नंबर माझ्या हातात. आयसीयूत भेटायची वेळ पाच ते सहा, एका वेळी एक माणूस, तोही नंबर मीच द्यायची. डॉक्टर पुठ्ठा पाहून हसले. राहू द्या म्हणाले. आणि इलाज चालला. व्यापाऱ्याघरच्या एका बाईंना मी खरंच शेवटी बसवलं तेव्हा साऱ्या हॉलला धाक बसला. मला, खरं सांगते, मजा वाटायला लागली होती.

मग सोनाळ्याची ती म्हातारी आली. नातू वर आयसीयूत, ताप डोक्यात गेलेला. तिला वाचता येत नव्हतं. पदरातून पिठाची गोळी काढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि टाकली. काका खुर्चीतून उठले ते तिच्या अंगावरच गेले. "तुहा नातू औषधानं वाचीन बुढे. ह्या गोयीनं त हा मासाच मरीन. इतकं समजत नाही, आन चालली पुण्य कमवाले." असं बरंच. ती रडायला लागली. मला म्हणाले, "काउंटरवाली, नंबर शेवटी."

मी लावला. का लावला, आज विचाराल तर मला सांगता यायचं नाही. त्या दिवशी वर भेटायला सात माणसं होती. तिची पाळी आली तेव्हा सहा वाजून गेले होते, आणि सिस्टरनं तिला दाराच्या काचेतून नातू दाखवला. तेवढंच. ती खाली आली आणि मलाच नमस्कार करून गेली.

काकू बाकावर बसून सगळं बघत होत्या. जाताना काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्हाले कधी अशी येळ नाही आली." काकांनी चिमटा पुसून पिशवीत ठेवला. मी तेव्हा त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं.

तो नातू वाचला. म्हातारी त्याला घेऊन घरी निघाली तेव्हा टाकीपुढं थांबली, त्याला हात जोडायला लावले आणि हॉलमध्ये सगळ्यांना सांगून गेली की मासोयीनं वाचवला. मी काकांकडं पाहिलं. वाटलं, आता काही तरी बोलतील. ते नळीत अडकलेला गाळ काढत होते.

दिवाळीच्या आधी टाकी उघडली. उघडली म्हणजे काय, रोज बघणाऱ्याला कळलंच नाही कधी. एक दिवस समोरच्या माणसाचा चेहरा टाकीच्या आरपार दिसला तेव्हा मला कळलं. वाळू पांढरी, दगडांवर जांभळट डाग आलेले. ते चांगलं असतं म्हणे. जावई कोपरा सोडून मधोमध फिरायला लागला. काकू म्हणाल्या, "रुसवा गेला." काकांनी त्यांच्यासाठी बाक चार बोटं पुढं ओढला.

दवाखान्याच्या वर्धापनदिनाला मोठे पाहुणे आले. डॉक्टरांनी त्यांना टाकीपाशी नेलं. काका तेव्हा नेमके कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभे. डॉक्टर म्हणाले, "मी स्वतः रोज सकाळी अर्धा तास देतो हिला." पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, हा खातो काय? डॉक्टरांनी काकांकडं पाहिलं.

"सायेबाले विचारा," काका म्हणाले. "मी पेशंटचा नातेवाईक आहे."

पाहुण्यांनी पुढं विचारलं, तुम्ही समुद्र पाहिलाय का? "काय पाहाचं त्याच्यात," काका म्हणाले. "खारं पाणीच ना. ते माह्या विहिरीत आहे." नंतर काकूंकडून कळलं की लग्नानंतर दोघांचं एकदा कोकणात जायचं ठरलं होतं, कॉलेजच्या सहलीबरोबर. प्राध्यापकांच्या बायकांना जागा कमी पडली म्हणून ह्यांची नावं काढली.

उन्हाळ्यात काकूंचं बिनसलं. बाहेर येऊन बाकावर बसणं आधी कमी झालं, मग स्ट्रेचरवरूनच ये-जा सुरू झाली. स्ट्रेचर टाकीसमोरून जायचं तेव्हा त्या मान वळवून बघायच्या. "खातो का?" विचारायच्या. "खाते. तुह्यापेक्षा जास्त खाते," काका म्हणायचे. मग एका शुक्रवारी त्यांना वर आयसीयूत घेतलं.

पुढच्या गुरुवारी काकू गेल्या. मी मंगळवारपासूनच माहेरी डोणगावला होते. परत आले तेव्हा टाकीचं पाणी दोन बोटं उतरलेलं होतं आणि गजानन बोअरची बादली घेऊन निघाला होता. मी ती त्याच्या हातातून हिसकून घेतली. काका पुन्हा कधी आले नाहीत. महिनाभरानं काळी-पिवळीवाल्याच्या हाती एक पुडकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला चिमटा, नळी आणि काटा. चिठ्ठी वगैरे काही नाही. तेव्हापासून सकाळी अर्धा तास मीच देते, आणि जास्तीत जास्त वेळ काही करत नाही. ते फार अवघड आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काकू गेल्या त्याच्या आधीच्या सोमवारी. काकूंना वर ठेवून चौथा दिवस. दुपारी चारचा सुमार, हॉल भरलेला. काका आले, रोजच्यासारखे टाकीपाशी गेले, पण बाही वर केली नाही. खिशातून कागदाची पुडी काढली. काउंटरपासून टाकी लांब नाही. मला पुडीतलं दिसलं आणि त्यांच्या नखांत अडकलेलं पीठही दिसलं. घरून मळून आणली होती.

मी लिहायची थांबले. त्यांनी गोळी दोन बोटांत धरली, टाकीवर हात नेला आणि सोडली. मग हात जोडले. त्या माणसाला मी तोवर कुठल्या देवापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं, कोपऱ्यातल्या गणपतीपुढंसुद्धा. गोळी हळूहळू खाली गेली. जावई आला, हुंगून परत फिरला. काका डोळे मिटून उभे होते. पुठ्ठा त्यांच्या खांद्याशीच लटकत होता.

मग त्यांनी डोळे उघडले, पिशवीतून चिमटा काढला आणि वाळूवरची गोळी उचलली. थोडी फुटली होती, तो चुरा नळीनं ओढून काढला. घाई नाही, काही नाही. हात पाण्यातून काढून तसेच ओले माझ्याकडं आले.

"नंबर लाव. भेटीचा."

"लावते काका. आज तुम्हालाच पहिला लावते."

"शेवटी."

मी म्हटलं, "काका, जा हो वर. कोण बघतंय? गोळी तर काढली तुम्ही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नेहमीसारखं नाही पाहिलं. "त्या सोनाळ्याच्या बुढीले म्हनली होती का असं?"

मी नाव लिहिलं, उमाळे वासुदेव, आणि पुढं आठ आकडा घातला. ते शेवटच्या खुर्चीत जाऊन बसले. पाच वाजता माणसं वर जायला लागली. एकेक जण वर गेला की रेंगाळतो, आपलं माणूस सोडून कोण लवकर खाली येतं? मी प्रत्येकाला घाई केली, चौथ्याला तर हातच जोडले. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही.

सहाला चार मिनिटं कमी असताना सातवा खाली आला. मी उभी राहिले आणि पुकारलं, "नंबर आठ. उमाळे."

"हाव," म्हणाले. उठले, ओले हात पँटीला पुसले आणि जिना चढून वर गेले.